थोरलीच्या सालीला वास येत होता

मी करवत बोलतेय. सुताराची नव्हे, झाडं छाटायची. ओली फांदी, मांडीभर बर्फ आणि बोटं गारठलेला माणूस, एवढंच माझं जग. आणि हे काही मी हौसेनं बोलत नाहीये. चार हिवाळे कानीकपाळी ओरडून माझे दात झिजले, एकानं ऐकलं नाही, म्हणून आता तुमच्यापुढं बसलेय. तुम्ही तरी मध्ये बोलू नका.

माझा जन्म उत्तर जपानातल्या हिरोसाकीच्या एका लोहाराकडे झाला. माणूस बोलायला खडूस, पण हाताला कसब होतं. त्यानं माझं पातं ठोकून ठोकून पातळ केलं, एकेक दात कानशीनं घासला आणि दारातल्या सफरचंदाच्या फांदीवर मला चालवून पाहिलं. पहिला घास सफरचंदाच्या लाकडाचा घेतला, तेव्हापासून आजतागायत दुसरं लाकूड तोंडाला लावलेलं नाही. त्याच हिवाळ्यात तोकुजी कासाई दुकानात आला. सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. मला हातात तोलून म्हणाला, "हलकी आहे." या माणसाची स्तुती तेवढ्यावरच संपते, हे मला पुढं कळलं.

त्याला एक्कावन्न हिवाळे झाले. दर वर्षी धार लावून लावून मी दोन बोटं अरुंद झालेय. तोकुजीही काही रुंद झालेला नाही.

आमच्या या त्सुगारू मुलखात छाटणी फेब्रुवारी-मार्चची. बर्फ इतका साठतो की माणूस आपोआप फांद्यांपर्यंत उंच होतो. बर्फात रुतू नये म्हणून पायाला वेताच्या चकत्या बांधायच्या, कमरेला मला लटकवायचं आणि निघायचं. इथं झाड बघून लोक सांगतात, छाटणी कुणाची. "ही कासाईची" असं रस्त्यानं जाणारा म्हणाला की तोकुजी ऐकू न आल्यासारखं करायचा आणि पुढच्या झाडाभोवती तीनऐवजी चार फेऱ्या मारायचा. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या व्हायच्या.

आता थोरलीबद्दल. सुए लग्न होऊन या घरात आली त्या वसंतात तोकुजीनं आणि तिनं मिळून लावलेलं हे झाड. बागेतलं सगळ्यात मोठं, म्हणून सगळे तिला थोरली म्हणायचे. चारी बाजूंना अशा फांद्या पसरलेल्या की खाली उभं राहून पाच जण जेवू शकतील. सुए गेली त्या शरद ऋतूत तोकुजी एकच वाक्य बोलला, तेही सुनेशी. "मी असेपर्यंत थोरली उभी राहायला हवी." बाकी रडणं नाही, बोलणं नाही. सून, हारुए, मान हलवून आत गेली.

आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सुए गेल्यानंतरच्या पहिल्याच छाटणीत माझ्या लक्षात आलं की मागून कुणी येत नाहीये. पंचेचाळीस वर्षं आम्ही फांदी कापून पुढं सरकायचो, आणि मागून सुए एक डबा आणि ब्रश घेऊन यायची. कापलेल्या प्रत्येक जागेला ती मलम लावायची. जखम उघडी राहिली की बर्फ वितळताना, पाऊस पडताना त्यातून रोग शिरतो, म्हणून. शिडीवर चढून, लहानातला लहान कापसुद्धा ती सोडत नसे. तोकुजीनं हे काम कधी काम म्हणून धरलंच नाही. कापायचं ते पुरुषांनी, ते खरं कसब. मागून रंगरंगोटी बायकांची. त्यानं सगळ्या गावाची वाहवा घेतली आणि तिनं डबा धुऊन ठेवला.

त्या हिवाळ्यात थोरलीला साठएक काप बसले. साठच्या साठ उघडे. मी करकरले, अडले, एकदा तर मुद्दाम फांदीत रुतून बसले. तोकुजी म्हणाला, "म्हातारी झाली." मला म्हणाला, बरं का.

दुसऱ्या हिवाळ्यात थोरलीच्या उजव्या मोठ्या फांदीवर, बुंध्यापासून वीतभर वर, तळहाताएवढा डाग दिसला. लालसर तपकिरी, थोडा फुगलेला. मी त्याच्याशेजारची डहाळी कापत होते तेव्हा माझ्या दातांना ओलसर, मऊ काहीतरी लागलं आणि वास आला. आंबलेल्या साकेचा, म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या दारूचा. हा सालकुजव्या रोगाचा वास. सफरचंदाची साल आतून कुजायला लागली की असाच येतो, आणि तो एकदा आला की मग वाट बघायची नसते.

तोकुजीला वास आला नाही असं नाही. आला. पण हा माणूस छाटणीला निघताना खिशात साकेची छोटी बाटली ठेवतो. थंडी असते, दोन घोट घेतले की बोटं चालतात. तेव्हा वास आला की तो स्वतःचा, इतकी साधी त्याची समजूत.

हारुएला मात्र शंका आली. हारुए म्हणजे चाळिशीची, आधी गावात कापडाच्या दुकानात होती. नवरा ट्रक चालवतो, महिन्याचे वीस दिवस बाहेर. सासू गेल्यावर तिनं दुकान सोडलं आणि बागेत उतरली. दुसऱ्या हिवाळ्यापासून मलमाचा नवा डबा आणून कापांना मलमही तीच लावायला लागली. हिवाळ्यात सफरचंद संघ झाडांच्या रोगांचा वर्ग घेतो, त्याला नेमानं जायची, वहीत चित्रं काढून आणायची. पानावर काजळी सांडल्यासारखे मखमली डाग पडले तर तो एक रोग. बर्फ वितळताना झाडाखालच्या ओल्या मातीत बुरशीच्या इवल्याशा छत्र्या उगवल्या तर फुलोरा करपणार, त्या आधीच उपटून टाकायच्या. उन्हाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली तर गळलेलं पान बागेत ठेवायचं नाही, सगळं गोळा करायचं. ती हे सगळं शेडमध्ये मोठ्यानं वाचायची, मी खिळ्यावरून ऐकायचे. पानांचे रोग हे माझं खातं नाही, पण सालीचं पान आलं की मी कान टवकारायचे.

"बाबा, हा डाग जरा बघा," ती एक दिवस थोरलीखाली म्हणाली. "दाबला की बोट आत जातंय."

"थंडीनं साल फुगते."

"आणि वास? आंबल्यासारखा येतोय."

"तो माझा," तोकुजी म्हणाला. "सकाळी दोन घोट घेतलेत. आता सून सासऱ्याचं तोंड हुंगणार का?"

बिचारी कानापर्यंत लाल झाली आणि डबा उचलून पलीकडच्या रांगेत गेली. सासऱ्यापुढं तोंड उघडायचं म्हणजे केवढं धाडस, आणि त्याचं हे असं झालं. मी कमरेला लटकलेली. मला कपाळ असतं तर हात लावला असता, पण मला कपाळही नाही आणि हातही नाही.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत डागावर काळ्या बारीक पुटकुळ्या आल्या होत्या, अंगावर काटा आल्यासारख्या. वसंतात पाऊस पडला की त्यातून शेवईसारखे नारिंगी दोरे बाहेर यायचे आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून जायचे. म्हणजे रोग आता घर सोडून फिरायला लागला होता. एवढं झाल्यावर तोकुजीलाही नाही म्हणता येईना.

"कापू या," तो म्हणाला.

हारुए वही घेऊनच आली होती. "डागाच्या खाली एक वीत, निरोगी लाकडात कापायचं, असं सांगितलंय. डागाच्या कडेला कापलं तर आत उरतो."

"एक वीत खाली म्हणजे बुंध्याला लागून. सगळा उजवा हातच जाईल तिचा."

"हो."

"लोक काय म्हणतील? कासाईनं स्वतःचं झाड लुळं करून ठेवलं?" तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. "तू तीन वर्षं झाड बघतेयस. मी पन्नास."

आणि त्यानं मला डागाच्या अगदी कडेला टेकवलं. रूप बिघडू नये म्हणून. मी कापलं, कापणारच, माझं काम तेच. काप पूर्ण झाला तेव्हा पांढऱ्या लाकडाच्या कडेला तपकिरी रेषा राहिली होती, अर्ध्या बोटाची. ती रेषा त्यानं पाहिली, मी शपथेवर सांगते. पाहिली आणि शिडीवरून उतरला. कापाला मलम हारुएनं लावलं, पण आत रोग ठेवून वरून मलम लावलं तर काय उपयोग होणार.

आता कापलेल्या फांदीचं काय झालं ते ऐका, कारण खरा घोळ तिथंच आहे.

सफरचंदाचं लाकूड आमच्याकडं टाकून द्यायचं नसतं. घर तापवायच्या स्टोव्हमध्ये ते हळू जळतं, वासही छान येतो. छाटणी संपली की तोकुजी सगळ्या फांद्यांचे हातभर तुकडे करून मोळ्या बांधतो, गवताच्या दोरीनं, त्याच्या स्वतःच्या गाठीनं. काही मोळ्या शेडच्या भिंतीला, बागेकडेच तोंड करून. आणि वसंतात पितरांच्या आठवड्यात दोन मोळ्या शेजारच्या योसाकू नारुमीला. हे पन्नास वर्षं चालू आहे. योसाकू तोकुजीहून चार वर्षांनी लहान, बागेला बाग लागून. मोळ्या आल्या की त्याची बायको कियो लोणच्याचा डबा परत पाठवणार. डबा आला की सुए काहीतरी पाठवणार. कुणीच थांबवणार नाही, कारण जो आधी थांबवेल तो माणूस उद्धट ठरणार.

म्हणजे पाहा. काळ्या पुटकुळ्यांची ती फांदी तोकुजीनं मोळीत बांधली, गाठ मारली, आणि दुसऱ्याच्या बागेच्या दारात नेऊन ठेवली. वर वाकून नमस्कार केला.

त्या शरदात योसाकू आमच्याकडं तीनदा येऊन गेला. तीनदा चहा प्यायला. यंदा बर्फ लवकर पडेल का यावर बोलला, रस्ता खराब झालाय यावर बोलला, आणि उठला. तिसऱ्यांदा जाताना तो शेडपाशी थांबला, भिंतीला लावलेल्या मोळ्यांकडं बघत राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "कसं सांगायचं याला." मी खिळ्यावर जीव तोडून हलले. शेडच्या दारातून वारा आलाय असं समजून तो टोपी नीट करून निघाला. पण फाटकापाशी तोकुजी भेटला तेव्हा त्यानं मनाचा हिय्या केला.

"दादा, यंदा लाकडं पाठवू नका. आमच्याकडं पुष्कळ आहेत."

"पुष्कळ कुठली तुझ्याकडं? संकोच करतोस होय."

"नाही, म्हणजे, खरंच..."

"बरं, बरं."

पुढच्या वसंतात तोकुजीनं दोनऐवजी चार मोळ्या पाठवल्या. इतका साधा माणूस, एवढ्या नम्रपणे नको म्हणाला, म्हणजे त्याला गरज जास्तच असणार, हे गणित. कियोनं लोणच्याचा मोठा डबा पाठवला. मी खिळ्यावरून सगळं बघत होते, आणि वाटत होतं की या दोन घरांतल्या एकानं तरी एक दिवस उद्धट व्हावं.

पाचव्या हिवाळ्यात योसाकू शिडीवरून घसरला आणि त्याचा खांदा निखळला. छाटणी अर्धी राहिलेली. तोकुजी मला कमरेला लावून आपणहून गेला. आणि इथं एक गोष्ट घडली. दुसऱ्याच्या बागेत छाटायला जाताना तो साकेची बाटली नेत नाही. कामाचा मान म्हणून. तेवढी रीत त्यानं आयुष्यभर पाळलीय.

पहिल्याच झाडावर, अवजारांच्या खोपटाजवळ, त्यानं एक वाळलेली फांदी निवडली. मी चार-पाच वेळा पुढंमागं झाले असेन, आणि वास आला. तोकुजी थांबला. त्यानं मला नाकाशी धरलं. मग भुसा चिमटीत घेऊन हुंगला. मग स्वतःची बाही हुंगली.

"योसाकू, तू घेतलीयेस का?"

गळ्यात हात बांधून खाली उभा असलेला योसाकू म्हणाला, "मला डॉक्टरनं सोडायला लावली. दोन वर्षं झाली."

तोकुजी खाली उतरला. पुढच्या झाडाशी गेला, अंगठ्यानं साल दाबली. मग त्याच्या पुढच्या. अकरा झाडांची साल मऊ लागली, आणि ती सगळी खोपटाच्या आसपासचीच निघाली. मग तो खोपटाच्या मागं गेला. तिथं बर्फाखाली एक लांबच लांब उंचवटा होता. त्यानं हातमोज्यानं बर्फ झाडला, तर खाली मोळ्या. एकावर एक, नीट रचलेल्या. प्रत्येकीवर त्याचीच गाठ. आणि वरच्या लाकडांवर काळ्या पुटकुळ्या, भरगच्च.

"ह्या जाळल्या नाहीस?"

कियो चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती, तिनंच उत्तर दिलं. "लाकडाचा स्टोव्ह काढून सहा वर्षं झाली, दादा. घासलेटचा घेतलाय. यांच्या खोकल्याला धूर चालेना."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही स्वतः बांधून आणायचात. सुएवहिनी असताना त्या यायच्या. नको कसं म्हणणार?"

"मी म्हटलं होतं," योसाकू हळूच म्हणाला.

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या शरदात. पाठवू नका म्हटलं."

"मला वाटलं तू संकोच करतोयस."

"संकोचच करत होतो. पण नको होत्या, तेही खरं होतं."

तोकुजीनं टोपी काढली. "रोग कधी कळला तुला?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष. आणि तू माझ्या घरी येऊन चहा पितोस आणि रस्त्याबद्दल बोलून जातोस."

"मग काय बोलू? तुमच्याकडून आलंय असं तोंडावर सांगू? वहिनींच्या वर्षश्राद्धाला?"

तोकुजी तिथंच बर्फात गुडघ्यावर बसला आणि कपाळ टेकेपर्यंत वाकला. मी कमरेला होते, मीही बर्फात रुतले. "चुकलो," तो म्हणाला. योसाकू कासावीस झाला, एका हातानं त्याला उठवायला लागला. "उठा दादा, असं काय करता." कियोनं ट्रे खाली ठेवला. "माफी नंतर मागा," ती म्हणाली. "आधी ती लाकडं घेऊन जा." त्या दिवशी मला ती बाई फार आवडली.

तीन दिवस हारुएची छोटी गाडी दोन्ही बागांत फिरत होती. योसाकूकडच्या सगळ्या मोळ्या, आमच्या भिंतीच्या सगळ्या मोळ्या, रिकाम्या शेताच्या मध्यभागी लोखंडी पिंपात जाळल्या. पोपडे आलेली, फुगलेली प्रत्येक फांदी हारुएनं शोधून खूण केली. योसाकूची तीन झाडं गेली, आठ वाचतील असं दिसत होतं. मग आम्ही थोरलीपाशी आलो.

उजव्या फांदीचा रोग कधीच बुंध्यात उतरला होता. हारुएनं चाकूनं मेलेली साल खरवडत नेली, आणि तपकिरी संपतच नव्हतं. बुंध्याला जवळजवळ वळसा घालून तो मागच्या बाजूला आला होता. निरोगी साल उरली होती चार बोटं. तेवढ्या पट्टीतून झाड वर-खाली जेवत होतं. पट्टी टिकली तर थोरली टिकणार, नाहीतर नाही. वहीत हे स्पष्ट लिहिलं होतं, आणि तोकुजीनं या वेळी ते स्वतः वाचलं.

मग त्यानं मला कमरेवरून सोडलं आणि हारुएपुढं धरलं. "तू काप. कुठं कापायचं ते मला दिसतं, पण माझा हात वर थांबतो."

हारुए गोंधळली. पन्नास वर्षांत मी दुसऱ्या कुणाच्या हातात गेले नव्हते. तिची पकड चुकीची होती, मनगट ताठ, पहिल्याच कापाला मी उसळले. पण थोरलीच्या इतर डागी फांद्यांवर तिनं मला प्रत्येक डागाच्या एक वीत खाली, निरोगी लाकडात टेकवलं, हे मी विसरणार नाही. आणि तोकुजी शेडमध्ये मलमाचा डबा आणायला गेला. डबा सापडला, पण उघडेना. आत मलम दगडासारखं वाळलं होतं आणि त्यात सुएचा ब्रश उभा अडकला होता. हारुए वापरायची तो डबा दुसरा, नवा. तो मागून घेऊन तोकुजी शिडीवर चढला आणि एकेक काप रंगवायला लागला. दुपारपर्यंत त्याचे खांदे भरून आले.

"हे ती रोज करायची?"

"रोज," हारुए म्हणाली.

"मी काय करत होतो तेव्हा?"

"तुम्ही पुढं असायचात, बाबा."

एप्रिलअखेरीस बर्फ गेल्यावर थोरलीच्या पायथ्याची माती पाणी घालून मळली. बुंध्यावर चार बोटं जाड थापली, डागाच्या बाहेरपर्यंत, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि दोरीनं आवळलं. या रोगावर आमच्याकडं हाच उपाय आहे, मातीचा. एक वर्ष उघडायचं नाही. मातीखाली साल सावरते, कडा जुळत येतात. योसाकूच्या आठ झाडांनाही तसंच केलं. कियो चिखलात कोपरापर्यंत गेली होती आणि तोकुजीला सांगत होती, "जाड थापा दादा, लोणी लावताय काय?" दोन्ही घरांत इतकं मोकळं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मे महिन्यात थोरलीला अर्ध्या अंगानं फुलं आली. तोकुजी वर्षभर त्या प्लास्टिककडं बघत राहिला, एकदाही हात लावला नाही. त्याच्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

या वर्षी बर्फ वितळल्यावर माती उघडली. योसाकूकडं सात झाडांना नव्या सालीची जाड कड आली होती, गुलाबीसर, जिवंत. मग थोरलीची सोडली. हारुएनं चाकू लावला, मागच्या बाजूला गेली, पुन्हा पुढं आली. तिनं काही सांगायच्या आधी वास आला. ती चार बोटंही गेली होती.

मला इतका राग आला की काय सांगू. रोगाचा नाही, तो रोग आहे, तो त्याचं काम करतो. राग त्या अर्ध्या बोटाच्या रेषेचा. ती फांदी त्या दिवशी एक वीत खाली कापली असती तर आज उजवा हात नसलेली थोरली उभी असती. लुळी, पण उभी.

काल तिला पाडलं. बुंध्याला यंत्राची करवत आणली, फांद्या मी कापल्या, हारुएच्या हातून. योसाकू आणि कियो मदतीला आले होते. हारुएनं शेंड्याजवळची एक हिरवी डहाळी धरून विचारलं, "काड्या ठेवू का, कलमाला?"

"नको. आजारी झाडाची काडी पुढच्या झाडात नको," तोकुजी म्हणाला. त्याचं शिकून झालं होतं, पण फार उशिरा.

सगळं लाकूड पिंपात जात होतं. तो स्वतः टाकत होता. शेवटी एक तुकडा त्यानं बाजूला काढला. मनगटाएवढा, सरळ, साल गुळगुळीत. डाग नाही, पुटकुळी नाही. तो पुसून त्यानं कोटात ठेवला. "हा सुएच्या फोटोपुढं ठेवतो," तो म्हणाला.

योसाकूनं मान खाली घातली. कियोनंही, जिच्या जिभेला हाड नाही, तिनंही ओठ आवळले. नवरा-बायकोनं लावलेलं झाड, त्यातला हातभर तुकडा, कोण नको म्हणणार? मी हारुएच्या हातात होते, आणि तिचा हात मला कळत होता. तिनं माझ्यावरची मूठ आवळली.

"बाबा, नको," ती म्हणाली. "आत असतो. बाहेरून दिसत नाही."

तोकुजीनं तिच्याकडं बघितलं. "संकोच करत नाहीयेस ना?"

"नाही. नको म्हणजे नको."

त्यानं तुकडा कोटातून काढला, एकदा नाकाशी नेला आणि पिंपात टाकला. मग कडेला उभा राहिला आणि तो पूर्ण जळेपर्यंत तिथून हलला नाही.

आता मी हारुएची. प्रत्येक झाडानंतर ती माझं पातं स्पिरिटनं पुसते. झोंबतं, पण मी तक्रार करत नाही, कारण माझ्या दातांवरूनही थोडंफार इकडचं तिकडं गेलं असेल, ते मला माहीत आहे. तुमच्याकडं झाड असेल तर एवढंच करा. साल दाबून बघा. कापलेली जागा उघडी ठेवू नका. आजारी लाकूड भेट म्हणून तर नकोच, बागेतही ठेवू नका. आणि शेजारचा माणूस हळू आवाजात काहीतरी नको म्हणाला, तर चहाचा कप खाली ठेवून त्याला विचारा, की बाबा, का नको.

आज सकाळी तोकुजी डबा घेऊन आमच्या मागं येत होता. तिसऱ्या रांगेत एका कोवळ्या झाडापाशी तो थांबला. वाकला, अंगठ्यानं साल दाबली, मग नाक लावून हुंगलं.

"हारुए, इकडं ये गं," तो म्हणाला. "इथं मऊ लागतंय. अजून नखाएवढंच आहे."

तिनं बघितलं. फांदी चांगली होती, भरपूर कळ्यांची, झाडाला शोभणारी. तिनं मला डागाखाली एक वीत टेकवलं आणि त्याच्याकडं पाहिलं.

"आणखी दोन बोटं खाली घे," तोकुजी म्हणाला, आणि ब्रश मलमात बुडवून तयार राहिला.